डॉक्टरांचा रिलीव्हर

बोईसरमध्ये वाढलेल्या मुलांना बाराखडीच्या आधी तीन शब्द येतात : फर्स्ट, सेकंड आणि नाइट. बाहेर लख्ख ऊन आहे आणि वडील घरात झोपलेले आहेत, म्हणजे नाइट चालू आहे असे समजायचे आणि आवाज न करता खेळायचे. आमच्या घरीही हेच होते. अब्बा सत्तरच्या दशकात तारापूर औद्योगिक वसाहतीत आले आणि एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट म्हणून लागले. ते नाइट करून आले की अम्मी खिडकीला जुनी चादर बांधून खोलीत अंधार करायची आणि आम्हा भावंडांना अंगणात पिटाळायची.

चौथा शब्द आम्ही थोडे मोठे झाल्यावर शिकलो. तो म्हणजे रिलीव्हर. आपली पाळी संपताना जो माणूस येऊन आपल्याला मोकळे करतो, तो रिलीव्हर. तो आला, त्याने लॉगबुक वाचले, काचेतली पाण्याची पातळी पाहिली, प्रेशरचा काटा पाहिला, सही केली, की अब्बांनी सायकल काढायची. रिलीव्हर आला नाही तर बॉयलर सोडून जाता येत नाही. बॉयलर हे जनावर लहरी असते. पाणी कमी झाले आणि पाहणाऱ्याचा डोळा लागला, तर शेड जागेवर राहत नाही.

एका पावसाळ्यात रुळांवर पाणी आले आणि गाड्या बंद पडल्या. अब्बांचा रिलीव्हर आला नाही. त्यांनी दुसरी पाळीही केली. सोळा तास झाले. रात्रीचा माणूसही आला नाही. अब्बा तिसऱ्या पाळीलाही तयार होते, कारण ओटीचे पैसे मिळणार होते आणि आपाच्या लग्नाची जुळवाजुळव चालू होती. पण शिफ्टचे साहेब नाही म्हणाले. "प्लँट सकाळपर्यंत बंद राहील. माल खराब झाला तर वर उत्तर मी देईन. पण पेंगणारा माणूस मला बॉयलरवर नको." त्यांनी बॉयलर बंद करायला लावला. अब्बा भिजत घरी आले आणि बुडालेल्या ओटीबद्दल रात्रभर कुरकुरत राहिले. पुढे म्हातारपणी मात्र तीच गोष्ट ते मोठ्या आदराने सांगायचे.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण वेगळे आहे. कारखाना एक रात्र बंद ठेवता येतो. इस्पितळ बंद ठेवता येत नाही. मग तिथे जो माणूस तीस-तीस तास उभा असतो, त्याचा रिलीव्हर कोण, हा प्रश्न मला गेली वीस-बावीस वर्षे छळतो आहे. मी कवी माणूस, पालघरच्या दांडेकर कॉलेजातून बी.ए. झालेला. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण पाळी म्हणजे काय हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि या प्रश्नाची मुळे औषधांपेक्षा पाळीच्या इतिहासात जास्त सापडतात.

चार की चाळीस?

साल २००२. अम्मीला मधुमेह होता. पायाची जखम चिघळली आणि बोईसरच्या डॉक्टरांनी हात टेकले. "मुंबईला हलवा," ते म्हणाले. हे वाक्य आमच्या भागातल्या प्रत्येक घराने कधी ना कधी ऐकलेले आहे. जव्हार-मोखाड्याचा रुग्ण नाशिकला जातो, डहाणू-तलासरीचा वलसाडला किंवा सिल्वासाला, आणि बाकीचे सगळे मुंबईला. आम्ही गाडी करून मनोरमार्गे हायवेला लागलो आणि मध्यरात्रीनंतर मुंबईच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात पोहोचलो. खाट मिळाली नाही. दोन खाटांच्या मध्ये गादी टाकून अम्मीला झोपवले.

वॉर्डात एकच डॉक्टर होता. हाउसमन. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षातला मुलगा. पहाटे चारच्या सुमारास त्याने केसपेपरवर इन्शुलिन लिहिले आणि तो पुढच्या रुग्णाकडे वळला. सिस्टरने कागद हातात घेतला आणि ती थांबली. "डॉक्टर, चार की चाळीस?"

त्याने कागद परत घेतला. स्वतःच्याच अक्षराकडे तो इतका वेळ पाहत राहिला, की जणू ते दुसऱ्या कोणाचे आहे. मग म्हणाला, "चाळीस." सिस्टर जागची हलली नाही. "डॉक्टर, शुगर किती आली ते एकदा बघा." त्याने पाहिले, भिंतीला हात टेकला आणि हळूच म्हणाला, "चार. चार युनिट."

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. जे बोललो ते इथे सांगण्यासारखे नाही. हातही उगारला होता, पण वॉर्डातल्या मामांनी तो मधेच धरला. ते एवढेच म्हणाले, "साहेब, काल सकाळपासून उभा आहे तो पोरगा." मला ते तेव्हा पटले नाही. माझी अम्मी जमिनीवर पडलेली होती आणि त्या पोराची झोप हा माझा प्रश्न नव्हता.

सिस्टर त्या रात्री नऊ वाजता पाळीवर आली होती. तिला सकाळी सोडवायला कोणीतरी येणार होते. डॉक्टरला सोडवायला कोणीच येणार नव्हते. हा साधा फरक माझ्या लक्षात यायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

रविवारची गोष्ट

आपल्याकडे कामाच्या तासांना मर्यादा हवी, हे पहिल्यांदा ठणकावून सांगितले ते मुंबईतच. १८८४ सालच्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्या काळी गिरणी दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालायची. आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक. त्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले. मागण्या साध्याच होत्या : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाची वेळ सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार वेळेवर आणि कामावर जायबंदी झालेल्यास भरपाई.

रविवारची सुटी मिळाली ती १८९० च्या जूनमध्ये. आज आपण रविवारी उशिरा उठून हे पान वाचतो, त्यामागे हा माणूस आहे. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल झाली, तेव्हाही सलोख्यासाठी ते धडपडले. १८९७ साली मुंबईतल्या प्लेगच्या साथीत ते गेले.

त्यानंतरची पन्नास-साठ वर्षे म्हणजे एकेक तास खेचून घेण्याचा इतिहास आहे. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी आली आणि स्त्रियांसाठी दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली. पुरुषांना १९११ पर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हाही कापड गिरण्यांत बारा तास ठरले. १९२२ मध्ये आठवड्याचे साठ तास झाले, १९३४ मध्ये चोपन्न. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते त्या काळात अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्याचा प्रस्ताव पुढे आला आणि १९४६ मध्ये तो कायद्यात उतरला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने तोच पाया पक्का केला : आठवड्याला ४८ तास, दिवसाला नऊ, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती.

ज्यांच्या हाती दुसऱ्यांचा जीव असतो, अशा इतर कामांनाही हळूहळू घड्याळ लागले. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने बसचालकाला दिवसाचे आठ तास ठरवून दिले. १९८९ च्या रेल्वे कायद्यात सतत लक्ष ठेवावे लागणाऱ्या अतिताणाच्या कामाला आठवड्याला सरासरी ४५ तासांची मर्यादा आहे. वैमानिकांचे तासही नियमांनी बांधलेले आहेत. ही बंधने हौसेने आलेली नाहीत. २२ मे २०१० रोजी मंगळूरच्या धावपट्टीवरून विमान दरीत गेले आणि १५८ माणसे गेली. चौकशीत विमानातले ध्वनिमुद्रण ऐकले गेले, तेव्हा मुख्य वैमानिक प्रवासात बराच वेळ झोपलेला होता असे निघाले. झोपेतून उठलेल्या माणसाला काही वेळ नीट निर्णय घेता येत नाही, हे त्या अहवालाने नोंदवले.

तारापूरच्या अणुवीज केंद्राजवळ राहणाऱ्या आपल्या लोकांना आणखी एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये पीच बॉटम नावाचे अणुवीज केंद्र आहे. मार्च १९८७ मध्ये तिथल्या सरकारी नियामकांनी ते बंद करण्याचा हुकूम दिला. स्फोट झाला नव्हता, गळती झाली नव्हती. नियंत्रण कक्षातली माणसे कामावर झोपलेली सापडली होती, एवढेच कारण पुरले. आमच्या बोईसरच्या शिफ्टच्या साहेबांनी बॉयलर बंद केला, तोच हा न्याय, फक्त मोठ्या मापाचा. थ्री माइल आयलंड पहाटे चारला घडले, चेर्नोबिल रात्री दीडच्या आत, भोपाळ मध्यरात्रीच्या सुमारास. या अपघातांची कारणे अनेक होती, सगळा दोष झोपेवर टाकता येणार नाही. पण माणसाचे शरीर ज्या वेळी झोप मागते नेमक्या त्या वेळी ती चूक वेळेत सापडत नाही, हे कारखानदारीने किंमत मोजून शिकून घेतले.

निवासी हा शब्द कुठून आला?

मग डॉक्टरच या घड्याळाबाहेर कसे राहिले? याचे उत्तर 'निवासी' या शब्दातच आहे. १८८९ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले. तिथे विल्यम ऑस्लर आणि शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी तरुण डॉक्टरांना तयार करण्याची नवी रीत घालून दिली. या तरुणांनी इस्पितळातच राहायचे, रुग्णांच्या उशाशी राहून शिकायचे. राहतो तो निवासी. या रीतीने जगाला उत्तम डॉक्टर दिले, यात शंका नाही. पण जो कामाच्या जागीच राहतो त्याची पाळी कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे मोजायचे कोणी? ते कोणी मोजलेच नाही.

या कथेत एक दुःखद उपकथाही आहे. लोखंडे परळला सभा घेत होते त्याच १८८४ साली, न्यूयॉर्कमध्ये तरुण हॉल्स्टेड कोकेनचा भूल देण्यासाठी उपयोग होतो का याचे प्रयोग स्वतःवर करू लागले होते. त्यात त्यांना व्यसन जडले, आणि नंतर मॉर्फीनचे व्यसन आयुष्यभर राहिले. माणूस असामान्य होता, हातही असामान्य होता. पण न थकता काम करण्याचा जो आदर्श त्यांच्या नावाने पुढच्या पिढ्यांना सांगितला गेला, त्याची ही बाजू मात्र सांगितली गेली नाही.

बरोबर शंभर वर्षांनी, मार्च १९८४ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका नामांकित रुग्णालयात लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी ताप आला म्हणून दाखल झाली आणि सकाळपर्यंत दगावली. रात्री तिची जबाबदारी शिकाऊ डॉक्टरांवर होती आणि त्यांच्याकडे इतरही डझनावारी रुग्ण होते. ती जे औषध आधीपासून घेत होती, त्याच्याशी न जुळणारे दुसरे औषध तिला दिले गेले. तिच्या मृत्यूचे नेमके कारण काय, यावर पुढे अनेक वर्षे वाद चालला. पण तिचे वडील सिडनी झायन हे पत्रकार आणि वकील. त्यांनी प्रश्न लावून धरला : ज्यांना आपण बसही चालवू देणार नाही अशा अवस्थेतल्या माणसांच्या हाती माझी मुलगी का दिली? त्यातून डॉ. बर्ट्रांड बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नियम केला : आठवड्याला ८० तास, सलग २४ तासांपेक्षा जास्त नाही. २००३ मध्ये ८० तासांची मर्यादा साऱ्या अमेरिकेत आली. युरोपात टप्प्याटप्प्याने कमी करत २००९ पर्यंत शिकाऊ डॉक्टरांचे तास आठवड्याला ४८ वर आणले गेले.

कागदावरचे ४८ तास

आता आपल्याकडे येऊ. अनेकांना आश्चर्य वाटेल, पण भारतातही या विषयावर सरकारी आदेश आहे आणि तो जुना आहे. केंद्राच्या आरोग्य खात्याने ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांसंबंधी परिपत्रक काढले. साधारणपणे आठवड्याला ४८ तास, सलग बारा तासांपेक्षा अधिक नाही, आणि आळीपाळीने आठवड्याला एक सुटी. म्हणजे अब्बांच्या कारखान्याचेच तास! अमेरिकेच्या ऐंशी तासांहून कितीतरी माणुसकीचे. पण त्याच परिपत्रकात 'साधारणपणे', 'कामाची निकड पाहून', 'रुग्णांची संख्या व उपलब्ध डॉक्टर लक्षात घेऊन' असे शब्दही आहेत. लोखंड्यांच्या अर्जात असे शब्द असते तर रविवारची सुटी आजपर्यंत 'साधारणपणे' मिळत राहिली असती.

मी २००२ मध्ये ज्या मुलावर हात उगारला, त्याच्यासाठी हे परिपत्रक दहा वर्षांपूर्वीच निघालेले होते. त्याला ते ठाऊक होते की नाही, कोण जाणे.

डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पदव्युत्तर शिक्षणाचे नवे नियम काढले. त्यांत विद्यार्थी 'वाजवी' तास काम करतील आणि त्यांना 'वाजवी' विश्रांती मिळेल असे म्हटले आहे. वाजवी म्हणजे किती, हा आकडा नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आयोगाच्याच एका कृतिदलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करून आठवड्याला ७४ तासांच्या आत काम असावे अशी शिफारस केली. त्याच महिन्यात, ९ ऑगस्टला, कोलकात्यात दीर्घ ड्युटीवर असलेली आणि झोपायला जागा नाही म्हणून सेमिनार रूममध्ये पडलेली एक शिकाऊ डॉक्टर अत्याचार आणि खुनाला बळी पडली. सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीत डॉक्टरांच्या ३६-३६ तासांच्या पाळ्यांना अमानुष म्हटले. देशभर मेणबत्त्या लागल्या. त्यानंतर चर्चा सुरक्षेची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. तासांची चर्चा मात्र मागे पडली.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. डॉक्टरांवर हात उगारणारा मी एकटा नव्हतो. महाराष्ट्रात २०१० मध्ये अशा मारहाणीविरुद्ध खास कायदा करावा लागला. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला इतकी मारहाण झाली की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. भांडण नेहमी दोन थकलेल्या माणसांत होते. एक रुग्णाचा नातेवाईक, जो बोईसरहून रात्रभर प्रवास करून आलेला असतो. दुसरा डॉक्टर, जो आदल्या सकाळपासून उभा असतो. ज्याने ही वेळ आणली तो त्या वॉर्डात नसतोच.

झोप कळत नाही

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आज एका सरकारी महाविद्यालयात मेडिसिनमध्ये एम.डी. करते आहे. मी तिला विचारले, "बेटा, इतके तास जागून झोप येत नाही का?" ती म्हणाली, "मामू, झोप येते हे कळलं तर बरं. वीस तासांनंतर ते कळतच नाही. वाटतं, मी एकदम फ्रेश आहे."

तिचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. १९७१ मध्येच अमेरिकन संशोधकांनी दाखवले होते, की न झोपलेले शिकाऊ डॉक्टर हृदयाच्या आलेखातले दोष ओळखण्यात जास्त चुका करतात. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी तुलना केली. सलग सतरा तास जागा असलेला माणूस, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसासारखा वागतो. चोवीस तास जागा असेल तर १०० मिलिग्रॅम. आपल्या मोटार वाहन कायद्यात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलात तर गाडी चालवणे गुन्हा आहे. मनोरच्या नाक्यावर पोलीस ज्याला तिप्पट वेळा अडवतील, त्याच्या हाती आपण रात्री केसपेपर देतो.

मी मुशायऱ्यांत आणि कविसंमेलनांत पुष्कळ रात्री जागवल्या आहेत. पहाटे माझाच शेर मी विसरलो तर फार तर लोक हसतात. डॉक्टर विसरला तर हसायला कोणी उरत नाही.

२००४ मध्ये बोस्टनच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांचा अभ्यास झाला. जुन्या, लांबलचक पाळ्यांत गंभीर चुका नव्या वेळापत्रकापेक्षा सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त झाल्या. इतके स्पष्ट असूनही प्रश्न सुटला नाही, आणि त्याचे कारणही समजून घेतले पाहिजे. नाहीतर आपण अर्धेच सत्य सांगू.

ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात, तास कमी केले तर रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि त्या देवघेवीत माहिती गळते. शिवाय शिकणाऱ्याने आजार सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला नाही, तर तो शिकणार कधी? हा आक्षेप खोटा नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या सहा बालरुग्ण अतिदक्षता विभागांच्या अभ्यासात चोवीस तासांच्या पाळ्या बंद केल्यावर चुका कमी होण्याऐवजी वाढल्या. का? तर तास कमी झाले, पण काही ठिकाणी डॉक्टर वाढले नाहीत आणि एकेकाच्या वाट्याला जास्त रुग्ण आले. रुग्णांचा हा बोजा हिशेबात धरला तेव्हा तो फरक उरला नाही.

अब्बांना हे कोणत्याही अभ्यासाशिवाय समजले असते. पाळी छोटी केली आणि रिलीव्हर दिला नाही, तर त्याला पाळी म्हणत नाहीत.

राहिला देवघेवीचा प्रश्न. तारापूरच्या कोणत्याही कारखान्यात जा. चार्ज दिल्या-घेतल्याशिवाय पाळी बदलत नाही. लॉगबुक लिहिले जाते, वाचले जाते, सही होते. हीच शिस्त इस्पितळात आणता येते का, हेही पाहिले गेले आहे. २०१४ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या नऊ रुग्णालयांत निवासी डॉक्टरांना चार्ज देण्याची ठरावीक पद्धत शिकवली गेली : आधी कोणता रुग्ण जास्त गंभीर ते सांगायचे, मग काय झाले, काय करायचे आहे, काय बिघडू शकते, आणि घेणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचे. चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे देवघेव हे लांब पाळीचे समर्थन होऊ शकत नाही. देवघेव नीट करणे हे काम आहे, आणि ते शिकता येते.

पालघरचा हिशेब

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. आठ तालुके, एका टोकाला सातपाटीची बंदरे, दुसऱ्या टोकाला मोखाड्याचे डोंगर, मधे बोईसर-तारापूरचे कारखाने. कारखान्यातल्या स्फोटाचा आवाज आमच्याकडे नवीन नाही. भाजलेला कामगार, दिवस भरलेली बाई, साप चावलेला शेतकरी यांची गाडी रात्रीच मुंबईच्या वाटेला लागते. त्या रात्री मुंबईच्या वॉर्डात जो मुलगा तिसाव्या तासाला उभा असतो, त्याच्या तीस तासांत आमच्या जिल्ह्यातल्या भरल्या न गेलेल्या प्रत्येक जागेचा वाटा असतो. इथे डॉक्टर नाही म्हणून तिथला डॉक्टर झोपत नाही.

२०२० पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा पातळीवर काम करायचे असा नियम झाला आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण शिकणाऱ्याला नेमून रिकामी खुर्ची भरता येत नाही. त्याच्या मागे शिकवणारा हवा आणि त्याच्यानंतर येणारा हवा.

दुसरीकडे, कारखान्यांचेच घड्याळ आता मागे फिरते आहे की काय, अशी शंका येते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिताही लागू झाल्या आहेत. मला वाटले होते, डॉक्टरांना कामगारांचे तास मिळतील. कामगारांना डॉक्टरांचे तास मिळू नयेत, एवढीच आता प्रार्थना.

मित्रहो, डॉक्टरला आपण देव म्हणतो. देवाला झोप लागत नाही, म्हणून हा शब्द सोयीचा आहे. कामगाराला कोणी देव म्हटले नाही, म्हणून लोखंडे त्याच्यासाठी रविवार मागू शकले. निवासी डॉक्टर हा आधी माणूस आहे, विद्यार्थी आहे आणि कामगारही आहे, हे एकदा मान्य केले की मग 'साधारणपणे' आणि 'वाजवी' या शब्दांच्या जागी आकडा लिहिता येईल. आणि आकडा लिहिला की तो पाळण्यासाठी किती माणसे लागतील, हा हिशेब सरकारला मांडावाच लागेल. आपल्या आमदार-खासदारांना आपण रस्ते विचारतो, पाणी विचारतो. तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टरांच्या किती जागा आहेत आणि किती भरल्या आहेत, हेही विचारायला हवे.

अम्मी त्या आजारातून उठली. त्यानंतर नऊ वर्षे जगली आणि आमच्याकडेच, बोईसरला, तिने डोळे मिटले. इस्पितळातून निघताना आम्ही सिस्टरसाठी डहाणूच्या चिकूंची पेटी नेली होती. हाउसमन तेव्हा वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या बसल्या झोपला होता. मी त्याच्या अंगावरून पुढे गेलो. आज तो पन्नाशीच्या जवळ आला असेल. मोठा डॉक्टर झाला असेल, त्याच्या हाताखाली नवे हाउसमन असतील. त्याची माफी मागायची राहून गेली. ती आज या निमित्ताने मागतो, आणि त्याला एक विनंती करतो : डॉक्टरसाहेब, तुमच्या हाउसमनला रिलीव्हर द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)